सणानंतरचा सोमवार



वैतरणेच्या दक्षिण तीरावरच्या माणसाला उत्तर तीरावर बोलवावे आणि त्याच्या तोंडून ख्रिस्ती श्रद्धेविषयी चार शब्द ऐकावेत, असे आपल्या व्याख्यानमालेच्या चालकांना वाटले, याबद्दल आम्ही त्यांचे मनापासून आभारी आहोत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. ऐन उन्हाळ्यात, दिवसभराचा ताप ओसरल्यावर, एका मांडवात बसून परस्परांचे विचार शांतपणे ऐकावेत ही चांगली रीत तेव्हापासून महाराष्ट्रात रुजली. या मांडवात कोणी कोणाला आपल्या पंथात ओढून नेण्यासाठी येत नसतो. आम्हीही त्यासाठी आलेलो नाही. आमच्या घरातला दिवा कसा लावतात आणि वारा सुटला म्हणजे तो कसा सांभाळतात, एवढेच सांगण्याचा मानस आहे.

विषयाचे नाव वाचून काहींना नवल वाटले असेल. सणावर बोलणारे पुष्कळ भेटतात, सणाच्या दुसऱ्या दिवसावर कोण बोलणार? परंतु आमची अशी समजूत होत चालली आहे की, कोणत्याही धर्माची खरी परीक्षा सणाच्या दिवशी होत नाही, ती दुसऱ्या दिवशी होते. दिवाळीनंतरची सकाळ आठवा. विसर्जन करून रिकामा पाट घेऊन परतताना घरात पाऊल टाकले की जे वाटते ते आठवा. मखर तसेच असते, मूर्ती नसते. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या वर्षातला असा दिवस म्हणजे ईस्टरनंतरचा सोमवार.

ज्यांना आमच्या सणांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राखेच्या बुधवारी आमचा उपवासकाळ सुरू होतो आणि झावळ्यांच्या रविवारी पवित्र आठवडा लागतो. गुरुवारी संध्याकाळी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, कारण प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. त्यानंतर वेदीवरची वस्त्रे काढून घेतात, वेदी उघडी राहते. शुक्रवारी त्याच्या क्रूसावरील मरणाचे स्मरण होते, त्या दिवशी मिस्सा होत नाही. शनिवारचा दिवस मुका जातो. मग रात्री मंदिराबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून पाष्काची मोठी मेणबत्ती लावतात, आणि त्या एका ज्योतीवरून हातोहात शेकडो मेणबत्त्या उजळत अंधाऱ्या मंदिरात शिरतात. वसईच्या कोणत्याही धर्मग्रामात त्या रात्री जो उभा राहिला असेल त्याला तो प्रकाश विसरता येणार नाही. रविवारी नवे कपडे, गोडधोड, आल्यागेल्याचे स्वागत. शुक्रवारची सरकारी सुट्टी जोडून आल्याने शहरातली मंडळीही बाहेर पडतात. केळव्याच्या आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. मग सोमवार उजाडतो. गाड्या परत जातात, मुलांच्या शाळेच्या आणि मोठ्यांच्या कचेरीच्या वेळा पुन्हा मानेवर बसतात. शनिवारच्या रात्री ज्या तोंडाने मृत्यूवरच्या विजयाचे गाणे म्हटले, त्याच तोंडाने सोमवारी सफाळ्याच्या फलाटावर गाडी उशिरा आल्याबद्दल कुरकूर करायची असते.

येथे आपल्याच धंद्यातला एक दाखला देतो. डोल जाळे मारणाऱ्या माणसांना समुद्राचे ज्ञान आम्ही द्यावे हा उद्धटपणा होईल. तरी मुद्दा समजावा म्हणून बोलतो. ईस्टरचा दिवस पंचांगासारखाच चंद्रावर बसवलेला आहे. इसवी सन ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मसभेने सर्व ख्रिस्ती मंडळ्यांनी हा सण एकाच रविवारी पाळावा असे ठरवले. त्यातून जो नियम रूढ झाला तो असा की, २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो ईस्टर. म्हणजे सण नेहमी पौर्णिमा उलटल्यावरच येणार. पौर्णिमेला समुद्राला उधाण असते. अष्टमीकडे पाणी उतरत जाते आणि भांगाचे दिवस येतात. पाण्याला ओढ कमी, म्हणून खुंटाला बांधलेल्या डोलीत मासळीही कमी. २०२५ सालचे उदाहरण घ्या. त्या वर्षी हनुमान जयंती १२ एप्रिलला झाली आणि ईस्टर २० एप्रिलला आला. सोमवारी, २१ तारखेला, चैत्र वद्य अष्टमीच्या सुमाराचा चंद्र आणि समुद्राला पूर्ण भांग. आमचा सर्वांत मोठा सण त्या वर्षी भांगात येऊन पडला होता. ज्यांनी हा नियम बसवला त्यांच्या मनात भरती-ओहोटी नव्हती हे उघड आहे. परंतु आम्हाला त्यात एक शहाणपण दिसते. उधाणावर विश्वास ठेवायला कोणी शिकवावे लागत नाही. भांगात काय करायचे हे शिकावे लागते.

आता शुभवर्तमानाकडे वळू. पुनरुत्थानाच्या कथा वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ध्यानात येते. त्यांत जयजयकार फार थोडा आहे. मार्काचे शुभवर्तमान चारही शुभवर्तमानांत जुने मानतात. त्याच्या सर्वांत प्राचीन हस्तलिखितांत कथा जेथे थांबते तेथे स्त्रिया रिकाम्या थडग्यापासून थरथरत पळत सुटल्या आहेत आणि भीतीने कोणाशी काही बोलत नाहीत. लूकाने सांगितलेले दोघे शिष्य तर सण आटोपून उदास मनाने अम्माऊस गावाची वाट धरतात. प्रभू त्यांच्याबरोबर चालत असतो आणि त्यांना तो ओळखू येत नाही. ओळख पटते ती रात्रीच्या जेवणाला, भाकर मोडताना. थोमा तर स्पष्टच सांगतो की, जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. हाच थोमा पुढे हिंदुस्थानात आला अशी आमची परंपरा आहे; आम्हाला नेहमी वाटते की, आपल्या देशाच्या वाट्याला प्रश्न विचारणारा प्रेषित यावा हे योग्यच झाले.

परंतु किनाऱ्यावरच्या माणसाला सर्वांत जवळची वाटावी अशी कथा योहानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. पुनरुत्थान होऊन गेले आहे. शिष्यांनी प्रभूला पाहिलेही आहे. आणि आता पुढे काय करावे हे कोणालाच उमगत नाही. तेव्हा पेत्र उठतो आणि म्हणतो की आपण मासे धरायला जातो. बाकीचे सहा जण म्हणतात, आम्हीही येतो. काही टीकाकार याला पेत्राची घसरण समजतात. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याला पोट आहे, ज्याच्या घरी माणसे आहेत, तो सणानंतर कामालाच जाणार. रात्रभर जाळे टाकून हाती काही लागत नाही. पहाटे किनाऱ्यावर कोणी उभा दिसतो. तो जाळे उजव्या बाजूला टाकायला सांगतो, आणि जाळ्यात १५३ मोठे मासे येतात. त्या आकड्याचे गूढ अर्थ लावण्यात विद्वानांनी शतके घालवली. कोळ्याला विचारा, तो सांगेल की असा घबाड हाती लागल्यावर मोजल्याशिवाय कोण राहील?

ते किनाऱ्यावर येतात तो कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी भाजत ठेवलेली, बाजूला भाकर. मृत्यूला जिंकून आलेला प्रभू आपल्या माणसांसाठी न्याहारी करून बसला आहे. येथे एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कोळशांच्या विस्तवासाठी जो ग्रीक शब्द येथे आला आहे तो सबंध नव्या करारात दोनच वेळा येतो, आणि दोन्ही वेळा योहानाच्याच लेखनात. पहिल्या वेळी तो येतो महायाजकाच्या अंगणात, जेथे शेक घेत उभ्या असलेल्या पेत्राने आपण त्या माणसाचे कोणी नव्हे असे तीनदा सांगितले. दुसऱ्या वेळी या किनाऱ्यावर, जेथे त्याच पेत्राला तीनदा विचारले जाते की तुझे माझ्यावर प्रेम आहे काय. म्हणजे ज्या विस्तवापुढे माणूस मोडला, तसाच विस्तव मांडून त्याला पुन्हा उभे केले. ना दोषारोप, ना व्याख्यान. आधी न्याहारी, मग प्रश्न, आणि लगेच काम : मेंढरांची राखण कर.

हे सर्व आम्ही पुस्तकातून बोलत आहोत असे वाटू नये म्हणून थोडे स्वतःचे सांगतो. २०२५ सालच्या उपवासकाळातच आमच्या मातोश्री गेल्या. वय झाले होते, दुखणे लांबले होते, तरी आई ती आई. ईस्टरला भेटायला आलेल्या सोयऱ्याधायऱ्यांनी प्रेमानेच सांगितले की, आता रडू नका, ती देवाघरी आहे, आज तर आनंदाचा दिवस. त्यांचे म्हणणे आमच्या धर्मशिकवणीला धरूनच होते, आणि तरीही ते ऐकताना आमचा जीव कोंडत होता. खरी गोष्टसुद्धा वेळेआधी बोलली तर घाव घालते. रविवारी संध्याकाळी आम्ही उभयता दातिवऱ्याला एका जुन्या स्नेह्यांकडे आलो. ते हिंदू, धंदा मासेमारीचा. त्यांच्या घरी आम्हाला कोणी काही समजावले नाही. सोमवारी सकाळी घरातली माणसे अंगणात जाळी पसरून बसली होती. आम्ही विचारले, आज होडी नाही? वहिनी म्हणाल्या, "भांग आहे भाऊ. आता सांधून ठेवायचं, म्हणजे पाणी आलं की हातघाई नको." आमच्या हातीही त्यांनी जाळ्याचे एक टोक दिले. बोंबील दोऱ्यांवर वाळत होते, वारा खारा होता, आणि घरात कोणीतरी आमच्या आईच्या आवडीनिवडी विचारत होते. कितीतरी दिवसांनी आम्ही तिच्याविषयी मोकळेपणाने बोललो आणि मोकळेपणाने रडलोही.

त्याच दुपारी मोबाईलवर बातमी आली की, पोप फ्रान्सिस रोममध्ये त्या सकाळी निवर्तले. फेब्रुवारी महिन्यात दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया होऊन ते इस्पितळात गेले होते आणि ३८ दिवसांनी परतले होते. ईस्टर रविवारी अठ्ठ्याऐंशी वर्षांचा तो वृद्ध माणूस संत पेत्राच्या मंदिराच्या सज्जात आला, क्षीण आवाजात त्याने सणाच्या शुभेच्छा दिल्या, नंतर गाडीत बसून चौकातल्या लोकांमधून फेरी मारली. आणि सोमवारी सकाळी साडेसातच्या सुमारास प्राण सोडला. त्या दिवशी पुष्कळांनी त्यात दैवी संकेत पाहिला. आम्ही संकेतांच्या मागे जात नाही. आम्हाला त्यात एवढेच दिसले की, ज्याच्या तोंडी काल पुनरुत्थानाची घोषणा होती त्यालाही सोमवार चुकला नाही. पुनरुत्थान म्हणजे मृत्यूतून सूट नव्हे. तसे असते तर क्रूसाची गरजच नव्हती, आणि त्याच्या हातांवरच्या जखमा पुसल्या गेल्या असत्या. शुभवर्तमान सांगते की त्या जखमा राहिल्या. थोमाला त्याच दाखवल्या. जखमांसकट उठणे, हीच आमची आशा. मातोश्रींच्या जाण्याने घरात जे रिकामे झाले ते रिकामेच आहे. परंतु त्या सोमवारी आम्हाला कळले की ती पोकळी श्रद्धेच्या विरुद्ध पुरावा नाही. पहिल्या ईस्टरच्या सकाळीही स्त्रियांना आधी रिकामी जागाच दिसली होती.

व्यक्तीचे जे, तेच समाजाचे. आपला हा सारा किनारा एके काळी पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली, आणि पुढची दोनशे वर्षे आमच्या धर्माला या भागात राजाश्रय होता. ती दोनशे वर्षे सगळी प्रेमाचीच होती असे कोणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही; सत्तेने धर्माचे काम हाती घेतले म्हणजे धर्माचे जे होते ते येथेही झाले. १७३९ च्या आरंभी केळवे, माहीम, तारापूर ही ठाणी मराठ्यांनी घेतली, आणि मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे वसई पडली. राजाश्रयाचा सण संपला. विजयात हाती आलेल्या मंदिरांच्या घंटा देवळांकडे गेल्या. भीमाशंकरला आणि नाशकात नारोशंकराच्या देवळात त्या पाहायला मिळतात. आम्ही त्या घंटा पाहतो तेव्हा मनात कडवटपणा येत नाही. घंटेचे काम माणसाला देवाकडे हाक मारण्याचे, ते ती करीतच आहे. परंतु इतिहासातला बोध असा की, किल्ला गेला, घंटा गेल्या, गोऱ्या माणसाची पाठराखण गेली, आणि वसईच्या वाड्यांमधून, पानवेलींच्या आणि केळींच्या बागांतून संध्याकाळची प्रार्थना मात्र राहिली. ती कोणा गव्हर्नरने राखली नाही. शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या बायकांनी, मुलांना जेवायला वाढण्याआधी गुडघ्यांवर बसवून राखली. आमच्या समाजाचा तो लांबलेला सोमवार, आणि आमची श्रद्धा खऱ्या अर्थाने आमची झाली ती त्यातच, असे आम्ही मानतो.

मराठी वाङ्मयात या सोमवारच्या श्रद्धेचे सर्वांत सुंदर उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे आहे. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. कवीच्या स्वभावाला साजेसे ते उधाण होते. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्या उधाणाचा तडाखा आला : ताटातूट, लोकापवाद, रडणे. त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, आणि तोही नवऱ्यामागून फरफटत जाऊन नव्हे. विटाळ, सोवळे, ही जात ती जात, यांच्या गाठी एकेक करून स्वतःच्या मनात सुटत गेल्यावर. पुढे टिळकांनी ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य आरंभले आणि १९१९ साली ते अपुरे टाकून गेले. ज्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. १९३६ साली त्या वारल्या आणि ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रसिद्ध झाले. आरंभ उधाणाचा होता, पण ग्रंथ पुरा झाला तो भांगातल्या सांधकामाने. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की त्यांत उपदेश जवळजवळ नाहीच. स्वयंपाकघर आहे, पोरकी मुले आहेत, प्लेग आहे, पैशाची चणचण आहे आणि भरपूर हसू आहे. श्रद्धा त्या सर्वांत मिठासारखी विरघळलेली आहे. वेगळी काढून दाखवता येत नाही, आणि नसती तर तत्काळ कळले असते.

आता कोणी विचारील, मग सण हवेत तरी कशाला? सोमवारच खरा, तर रविवारचा खटाटोप का? हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, जाळे सांधायचे तर जाळे हवे. उधाणात ज्याने कधी मासळी पाहिली नाही तो भांगात कशाच्या आशेवर सांधणार? शनिवारच्या रात्री एका ज्योतीवरून शेकडो ज्योती लागताना पाहिल्या असतील तरच सोमवारच्या अंधारात हात काडेपेटीकडे जातो. आमच्या धर्ममंडळाने हे जाणले आहे. म्हणून ईस्टर एका दिवसात आटपत नाही. पुढचे आठ दिवस मिळून आम्ही एकच सण मानतो, आणि पुढे पन्नासाव्या दिवसापर्यंत पुनरुत्थानाचा काळ चालतो. उपवासाचे दिवस चाळीस आणि आनंदाचे पन्नास, हा हिशोब आम्हाला फार आवडतो. परंतु गंमत पाहा, चाळीस दिवसांचा उपवास पाळणारी घरे पुष्कळ आहेत, पन्नास दिवसांचा आनंद पाळणारी किती असतील? दुःखाला शिस्त लावणे आम्ही शिकलो. आनंदाला शिस्त लावणे अजून शिकायचे आहे.

ती शिस्त कशी असते? आमच्या अल्प अनुभवाप्रमाणे तिची लक्षणे साधी आहेत. गुरुवारी धर्मगुरूंनी बारा जणांचे पाय धुतलेले पाहिले, तर सोमवारी घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय आपण धुवावेत. शुक्रवारी अन्यायाने मारल्या गेलेल्या एका निरपराध माणसापुढे गुडघे टेकले, तर सोमवारी कचेरीत, पंचायतीत, बाजारात जो एकटा पडला आहे त्याच्या बाजूला उभे राहावे. शनिवारी मुके राहिलो, तर शोकाच्या घरी जाऊन पाठ केलेले सांत्वन न बोलण्याचा संयम ठेवावा. आणि रविवारी जीवनाचा जय म्हटला, तर कोणत्याही माणसाविषयी, कोणत्याही भांडणाविषयी, कोणत्याही दोन समाजांविषयी, आता येथे काही होणे नाही असे म्हणू नये. थडग्यावरचा धोंडा सरकू शकतो असे मानणाऱ्याला निराशेची चैन परवडत नाही.

यांतले पहिले तीन आचार ख्रिस्ती नसलेल्या असंख्य माणसांनीही पाळलेले आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्याकडून शिकलोही आहोत. चौथ्यासाठी मात्र आम्हाला तो रविवार लागतो. आमच्या बळावर आम्ही इतकी आशा धरू शकलो नसतो, हे नम्रपणे सांगणे हीच आमची साक्ष.

  चार दिवसांनी आपला हा ज्ञानसत्राचा मांडवही उतरेल, खुर्च्या परत जातील आणि वसंताचा हाही सण संपेल. येथे ऐकलेल्यातले काय खरे ठरले ते त्यानंतरच्या सोमवारी, ज्याच्या त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या कामावर समजेल.